ड्राइव्हचा मेमरी फॉल्ट: मराठवाड्यातल्या मेंटेनन्सवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, कृष्णूर. फोन कुठूनही येवो, आधी डिस्प्लेचा फोटो येतो आणि खाली ओळ असते, "सर, कार्ड गेलं का?" ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी, आणि कार्ड म्हणजे त्याच्या आतला सर्किट बोर्ड. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ड्राइव्ह उघडण्यापूर्वी मेन बंद करा, ड्राइव्हवरच्या स्टिकरवर लिहिलेली मिनिटं पूर्ण थांबा आणि डीसी बसच्या (एसीची डीसी करून साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरच्या) प्लस-मायनसवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये त्या कपॅसिटरवर साधारण ५८५ व्होल्ट डीसी असतात. डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामी झाली असं नाही.

१. मेमरी फॉल्ट म्हणजे नेमकं काय बिघडतं?

ड्राइव्हमध्ये सेटिंग दोन ठिकाणी असतात. चालू असताना प्रोसेसर रॅममधून काम करतो आणि लाईट गेली की रॅम रिकामी होते. कायमची सेटिंग ईईप्रॉम किंवा फ्लॅश नावाच्या आयसीत (चिपमध्ये) असतात. मोटरचा करंट, अ‍ॅक्सिलरेशनचा वेळ, कुठल्या टर्मिनलवरून स्टार्ट घ्यायचा, हे सगळं तिथे. बऱ्याच ड्राइव्हमध्ये पॉवर कार्डावर आणखी एक छोटी ईईप्रॉम असते. तिच्यात ड्राइव्हचं रेटिंग आणि करंट सेन्सरचं कॅलिब्रेशन ठेवलेलं असतं.

किराणा दुकानदार वहीच्या पानाखाली बेरीज लिहून ठेवतो, तसा डेटासोबत एक चेकसम साठवलेला असतो. चालू होताना ड्राइव्ह पुन्हा बेरीज करून पाहतो. जुळली नाही, किंवा आयसीने उत्तरच दिलं नाही, की फॉल्ट. म्हणजे ड्राइव्हला फक्त "वाचलेलं पटत नाही" एवढंच कळतं. आयसी खराब आहे, की वाचताना तिला नीट पाच व्होल्ट मिळाले नाहीत, हे त्याला सांगता येत नाही. पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. माझ्या ड्राइव्हवर आलेला कोड मेमरीचाच आहे का?

नेहमी दिसणारे सांगतो. सीमेन्सच्या मायक्रोमास्टरवर एफ००५१ म्हणजे पॅरामीटरची ईईप्रॉम, आणि एफ००५२ म्हणजे पॉवर स्टॅकची (पॉवर भागाची) माहिती वाचता येत नाही. (ही मालिका जुनी झाली, पण आपल्याकडच्या कारखान्यांत अजून जोरात चालू आहे.) डेल्टाच्या लहान ड्राइव्हवर सीएफ१.० लिहिण्याची चूक, सीएफ२.० वाचण्याची. मित्सुबिशीवर ई.पीई. यास्कावावर सीपीएफ०६. फुजीवर ईआर१. श्नायडरच्या अल्टिव्हार ३१२ वर ईईएफ. अल्टिव्हार ७१ वर ईईएफ१ कंट्रोलची आणि ईईएफ२ पॉवरची. पॉवरफ्लेक्सवर एफ१००, पॅरामीटर चेकसम. डॅनफॉसवर अलार्म ३८ दिसतो. तो अंतर्गत बिघाडाचा सामायिक अलार्म आहे, त्याच्यासोबतचा उपक्रमांक वाचल्याशिवाय काही ठरवू नका. २५६ ते २५८ असेल तर पॉवर कार्डाच्या ईईप्रॉमचा डेटा.

दोन कोड उगाच घाबरवतात. पॉवरफ्लेक्स ४० चा एफ४८ आणि डॅनफॉसचा अलार्म ८०. दोन्हींचा अर्थ एवढाच की पॅरामीटर फॅक्टरी डिफॉल्टवर गेले आहेत. कोणीतरी तसा हुकूम दिला होता. रीसेट करा, सेटिंग भरा आणि आधीच्या शिफ्टला विचारा.

३. रीसेट दाबलं, फॉल्ट गेला, मशीन चालू आहे. सोडून देऊ का?

मशीन चालू द्या, पण त्याच शिफ्टमध्ये पॅरामीटरचा बॅकअप घ्या (प्रश्न ६). आज वाचता येतंय तोवर वाचून घ्यायचं. फॉल्टची वेळ आणि तेव्हा काय घडलं ते पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा: लाईट गेली होती, वीज कडाडली होती, शेजारची मोठी मोटर सुरू झाली होती, जे असेल ते. एकदाच आला तर झटका समजा. पुन्हा आला तर प्रश्न ८ पासून पुढे वाचा.

४. फोनवर सगळे म्हणतात फॅक्टरी रीसेट मार. मारू का?

लगेच नाही. रीसेटने बेरीज नव्याने लिहिली जाते, म्हणून फॉल्ट बहुधा जातो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पण आधीची सेटिंग कायमची गेली आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहिलं. आठवड्याने तोच फोन.

आधी हे करा. फॉल्ट असतानाही मेनू उघडत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ लावून एकेक पॅरामीटर फिरवा. फॅक्टरी व्हॅल्यूपेक्षा बदललेले तेवढेच दाखवायची सोय असेल तर दहा मिनिटांत होतं. मग मेन बंद करून, बस उतरल्यावर, कम्युनिकेशनची केबल, ऑप्शन कार्ड, कंट्रोल टर्मिनलच्या वायरी आणि मोटर सगळं सोडवा. फक्त तीन फेज देऊन चालू करा. आता फॉल्ट नाही? मग बाहेरचं काहीतरी ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय खाली ओढतंय. २४ व्होल्टवर चालणारा एखादा शॉर्ट झालेला सेन्सर एवढं सहज करतो. तेव्हा रीसेट मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मोकळ्या ड्राइव्हवरही फॉल्ट तसाच असेल तर मग रीसेट.

५. फॅक्टरी रीसेट कसा करायचा आणि नंतर काय तपासायचं?

मायक्रोमास्टर: पी००१० मध्ये ३०, मग पी०९७० मध्ये १. डेल्टाचे लहान ड्राइव्ह: ००.०२ मध्ये ९. मित्सुबिशी: एएलएलसी मध्ये १. यास्कावा: ए१-०३ मध्ये २२२०, तीन वायरचं स्टार्ट-स्टॉप असेल तर ३३३०. फुजी: एच०३ मध्ये १. डॅनफॉस: बंद करून स्टेटस, मेन मेनू आणि ओके ही तीन बटणं एकत्र दाबून ठेवत चालू करा.

डेल्टात ९ च का, १० का नाही, हा प्रश्न वेगळा यायचा, तो इथेच घेतो. ९ म्हणजे ५० हर्ट्झचे डिफॉल्ट, १० म्हणजे ६० हर्ट्झचे. घाईत १० मारलं तर ड्राइव्ह चालतो, फॉल्ट नसतो, मोटर फिरते, आणि खरी गंमत पुढे होते. बेस फ्रिक्वेन्सी ६० झाली की ड्राइव्ह पूर्ण व्होल्टेज ६० हर्ट्झला देतो. ४१५ व्होल्ट ६० ला धरले तर ५० हर्ट्झला मोटरला मिळतात ३४६. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे जेमतेम ७० टक्के उरतो. डाळ मिलचा एलेव्हेटर भरलेला असताना उचलत नाही, मोटर करंट खाते, तापते, आणि सगळे बेअरिंग तपासत बसतात. "मेमरी फॉल्टनंतर मोटर गरम व्हायला लागली" अशी तक्रार आली की आम्ही आधी बेस फ्रिक्वेन्सी विचारतो.

त्याखेरीज मोटरचा रेटेड करंट, जास्तीत जास्त फ्रिक्वेन्सी, अ‍ॅक्सिलरेशन-डिसेलरेशन, स्टार्ट कुठून, स्पीड कुठून, फिरण्याची दिशा, ब्रेक रेझिस्टर, थर्मिस्टर हे भरा. व्हेक्टर मोड असेल तर ऑटोट्यून (ड्राइव्हने मोटर स्वतः मोजून घेणं) पुन्हा करा. आणि एक धोका लक्षात ठेवा: डिफॉल्टमध्ये टर्मिनलचे अर्थ बदलतात. पूर्वी ज्या टर्मिनलवर "फॉल्ट रीसेट" होतं तिथे आता "स्टार्ट" असू शकतं. पहिली चाचणी कपलिंग सोडवूनच.

६. बॅकअप कुठे आणि कसा ठेवायचा?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही फुकट. कीपॅडमध्ये कॉपी करायची सोय असेल तर कीपॅडमध्ये. डॅनफॉसला ०-५० मध्ये "सगळं कीपॅडकडे" निवडायचं. लॅपटॉपवर कंपनीचं सॉफ्टवेअर वापरून फाइल: सीमेन्सचं स्टार्टर, एबीबीचं ड्राइव्ह कंपोझर, डॅनफॉसचं एमसीटी १०, श्नायडरचं सोमूव्ह. आणि कागदावर बदललेल्या पॅरामीटरची यादी, प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला आतून. लॅपटॉप घेऊन इंजिनिअर पुण्याला निघून जातो. कागद जात नाही.

फाइलच्या नावात मशीन, ड्राइव्हचं मॉडेल आणि तारीख टाका. "नवीन फायनल २" अशी फाइल रात्री दोन वाजता कोणाच्या कामाची?

७. पीएलसीसारखी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरसारखी) ड्राइव्हची बॅटरी बदलायची असते का?

सेटिंग टिकवण्यासाठी ईईप्रॉमला बॅटरी लागत नाही. काही कीपॅडमध्ये सीआर२०३२ असते ती घड्याळासाठी. ती संपली तर फॉल्टच्या नोंदीवर तारीख चुकीची दिसेल, पॅरामीटर उडणार नाहीत.

८. हे फॉल्ट मे-जूनमध्येच जास्त का येतात?

तीन गोष्टी एकत्र येतात म्हणून. उन्हाळ्यात परभणी, नांदेड, जालन्याला पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. बरेच ड्राइव्ह पूर्ण रेटिंगने ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. फिल्टर तुंबलेल्या बंद पॅनेलमध्ये बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त असणं नवीन नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. कंट्रोल कार्डाला पाच आणि चोवीस व्होल्ट देणाऱ्या एसएमपीएसमधले (आतल्या छोट्या पॉवर सप्लायमधले) छोटे कपॅसिटर यात आधी सुकतात, कारण ते गरम भागांच्या अगदी शेजारी बसवलेले असतात. ते सुकले की पाच व्होल्टवर रिपल (व्होल्टेजचा चढउतार) चढतो, आणि वाचताना एखादा बिट इकडचा तिकडे झाला तरी बेरीज चुकते.

दुसरं, वळवाचा पाऊस. वारा सुटतो, लाईन हलते, लाईट पाच मिनिटांत चारदा येते-जाते. ड्राइव्ह बंद होताना रनिंग अवर्स आणि शेवटचा फॉल्ट ईईप्रॉममध्ये लिहितो. त्यासाठी लागणारा क्षणभराचा वेळ त्याला कपॅसिटरमधल्या साठ्यातून मिळतो. साठा आटलेला असेल तर लिहिणं अर्धवट राहतं. कोणी नेमकं त्याच वेळी पॅरामीटर सेव्ह करत असेल तर मग विचारूच नका. आभाळ भरून आलं असताना सेटिंग बदलायला घेऊ नका.

तिसरं, वीज पडणं. थेट नाही पडली तरी लाईनवरून सर्ज येतो. मेन इनकमरला सर्ज प्रोटेक्शन आणि ड्राइव्हच्या पुढे इनपुट चोक असेल तर बराचसा झटका तिथेच मरतो. जालन्यात इंडक्शन फर्नेसच्या फीडरवर बसलेल्यांना तर हा चोक बाराही महिने लागतो.

तपासणी अशी: ड्राइव्हला बाहेरून २४ व्होल्टचा कंट्रोल सप्लाय देता येत असेल तर तो देऊन पाहा. त्यावर फॉल्ट येत नसेल आणि मेनवर येत असेल, तर संशय ड्राइव्हच्या स्वतःच्या एसएमपीएसवर. पाच व्होल्टचा रिपल ऑसिलोस्कोपवर पाहता येतो, पण चालू कार्डावर हात फक्त सवय असलेल्याने घालावा. कंट्रोलचा कॉमन (शून्य व्होल्टचा धागा) डीसी बसपासून वेगळा असेलच असं नसतं.

९. थंडीत सकाळी पहिल्यांदा चालू करताना फॉल्ट येतो, दोन-तीनदा ऑन-ऑफ केलं की दिवसभर येत नाही. असं का?

हे लक्षण म्हणजे जवळजवळ सही आहे. सुकत आलेला कपॅसिटर थंड असताना सगळ्यात वाईट वागतो, गरम झाला की थोडा सुधारतो. बंद ड्राइव्हच्या एसएमपीएसच्या भागाला हेअर ड्रायरने हलकी ऊब देऊन चालू करा. पहिल्याच झटक्यात चालू झाला तर कपॅसिटर बदलून घ्या. १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले), त्याच व्होल्टेजचे किंवा एक पायरी वरचे. रोजचं ऑन-ऑफ मात्र थांबवा, त्याने प्रीचार्जचा (चालू होताना डीसी बस हळू भरणारा) रेझिस्टर जातो आणि आगीतून फुफाट्यात.

१०. धुळीने मेमरी फॉल्ट येतो का?

येतो, पण धूळ कुठली ते पाहा. जिनिंगचा कापूस आणि डाळ मिलचा भुसा हवेचा मार्ग बंद करतात, त्याने उष्णता वाढते आणि प्रश्न ८ सुरू होतो. री-रोलिंग मिलमधली लोखंडी कीस असलेली धूळ वीज वाहून नेते. पावसाळ्यात ओल धरली की आयसीच्या पायांमध्ये गळती चालू होते. कोरड्या ब्रशने आणि कमी दाबाच्या, पाणी नसलेल्या हवेने साफ करा. कॉम्प्रेसरचा पाइप तसाच लावू नका, त्यातून पाणी आणि तेल दोन्ही येतं. कंट्रोल आणि पॉवर कार्डामधली चपटी रिबन केबल काढून, संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवा. पॉवर कार्डाची ईईप्रॉम वाचता येत नाही असा कोड असेल तर पहिलं काम हेच.

११. नवा ड्राइव्ह, पॅनेलला एसी, स्वच्छ सप्लाय. तरी काही महिन्यांत मेमरी फॉल्ट. बदलून आणला, पुन्हा तेच. आता?

आता ड्राइव्ह सोडा आणि पीएलसीचा प्रोग्राम उघडा.

ईईप्रॉममध्ये वाचण्याला मर्यादा नाही, लिहिण्याला आहे. यास्कावाच्या मॅन्युअलमध्ये १ लाख वेळा हा आकडा आहे. काही आयसी १० लाखांपर्यंत जातात. आता हिशेब करा. प्रोग्रामरने स्पीड किंवा अ‍ॅक्सिलरेशनचा वेळ मॉडबसवरून (पीएलसी-ड्राइव्हमधल्या कम्युनिकेशन लाईनवरून) दर सेकंदाला पॅरामीटरच्या पत्त्यावर लिहिला, तर दिवसाचे ८६,४०० वेळा झाले. १ लाख संपायला २८ तास. मिनिटाला एकदा लिहिलं तरी सत्तर दिवसांच्या आत. व्हॅल्यू तीच असली तरी ड्राइव्ह दर वेळी ती नव्याने लिहीत असेल तर मोजणी चालूच.

याची खूण अशी की सगळे पॅरामीटर नीट असतात, एकच टिकत नाही. तो नेमका पीएलसीतून येणारा असतो.

उपाय फुकट आहे. मित्सुबिशीत पॅरामीटर ३४२ मध्ये १ टाका, मग कम्युनिकेशनवरून आलेलं फक्त रॅममध्ये जातं. त्यांच्याच प्रोटोकॉलमध्ये फ्रिक्वेन्सी लिहायच्या दोन आज्ञा आहेत, ईडी फक्त रॅमसाठी आणि ईई रॅम व ईईप्रॉम दोन्हींसाठी, ईडी वापरा. मायक्रोमास्टरला पी००१४ मध्ये रॅम निवडा. यास्कावाला ०९०० हेक्सची एंटर आज्ञा ईईप्रॉममध्ये लिहिते, ०९१० फक्त रॅममध्ये. डेल्टाला स्पीड २००१ हेक्स या फ्रिक्वेन्सी कमांडच्या पत्त्यावर पाठवा, पॅरामीटरच्या पत्त्यावर नाही. आणि प्रोग्राममध्ये "व्हॅल्यू बदलली तरच लिही" ही एक ओळ टाका. एचएमआयच्या (ऑपरेटरच्या टचस्क्रीनच्या) रेसिपीतूनही हेच घडतं, तीही तपासा.

वॉरंटीत तिसरा ड्राइव्ह मागण्याआधी हे पाहिलं तर सप्लायरशी भांडण टळतं.

१२. दुसऱ्या ड्राइव्हचं कंट्रोल कार्ड काढून लावलं तर चालेल का?

मॉडेल आणि रेटिंग एकच असेल तर बहुधा चालतं. रेटिंग वेगळं असेल तर ड्राइव्ह कॉन्फिगरेशन जुळत नसल्याचा फॉल्ट देतो, उदाहरणार्थ अल्टिव्हारवर सीएफएफ. हे मेमरी खराब झाल्याचं लक्षण नाही, ड्राइव्ह तुम्हाला वाचवतोय. मूळ फॉल्ट पॉवर कार्डाच्या ईईप्रॉमचा असेल (ईईएफ२, एफ००५२) तर कंट्रोल कार्ड बदलून काहीच होणार नाही.

यास्कावाच्या ए१००० मध्ये एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. टर्मिनलचा बोर्ड निघतो आणि त्याच्यातच पॅरामीटरचा बॅकअप असतो. वायरी न सोडवता बोर्ड नव्या ड्राइव्हला लावा, सेटिंग सोबत येतात.

१३. ईईप्रॉमचा आयसी बदलून मिळतो का? बाजारात तर स्वस्त आहे.

आयसी स्वस्त आहे. २४ किंवा ९३ मालिकेतला आठ पायांचा असतो. पण कोरा आयसी बसवून भागत नाही. कंट्रोल कार्डावर काही ड्राइव्ह फॅक्टरी रीसेटने तो भरून घेतात, काही घेत नाहीत. पॉवर कार्डावर रेटिंग आणि कॅलिब्रेशन असल्याने तिथे त्याच मॉडेलच्या, त्याच रेटिंगच्या चांगल्या ड्राइव्हमधून प्रोग्रामरने डेटा काढून टाकावा लागतो. तरी करंट सेन्सरचं कॅलिब्रेशन दुसऱ्या ड्राइव्हचं येतं. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट डिस्प्लेशी ताडून पाहा. फरक जास्त असेल तर ओव्हरलोड संरक्षणावर भरवसा ठेवता येणार नाही. लिफ्ट, क्रेन किंवा जिथे माणूस खाली उभा असतो तिथे असा दुरुस्त ड्राइव्ह आम्ही लावत नाही. प्रोसेसरच्या आतली फ्लॅश गेली असेल तर कार्डच बदला.

१४. स्टोअरमध्ये तीन वर्षं पडलेला स्पेअर लावला, चालू होताच फॉल्ट. मेमरी पडून खराब होते का?

एवढ्यात सहसा नाही. पडून राहिल्याने डीसी बसचे कपॅसिटर खराब होतात. वर्षाहून जास्त पडलेला ड्राइव्ह थेट पूर्ण व्होल्टेजला न लावता व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टप्प्यांनी चढवा. स्टोअरचं छप्पर पत्र्याचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

१५. बॅकअप टाकला आणि फॉल्ट परत आला. बॅकअपच खराब असेल का?

असू शकतो, पण आधी तो कुठल्या ड्राइव्हचा आहे ते पाहा. फर्मवेअर वेगळं किंवा एचपी वेगळी असेल तर काही व्हॅल्यू नव्या ड्राइव्हच्या मर्यादेबाहेर जातात. अल्टिव्हारवर तेव्हा सीएफआय दिसतो. डॅनफॉसला ०-५० मध्ये आकारावर अवलंबून नसलेले पॅरामीटरच टाकायचा वेगळा पर्याय आहे, तो निवडा आणि मोटरचा डेटा प्लेटवरून हाताने भरा. फॉल्टच्या काळात घेतलेला बॅकअप पूर्ण फाइल म्हणून परत टाकू नका. त्याची यादी छापा, एकेक व्हॅल्यू पटते का पाहा आणि हाताने भरा.

१६. फॉल्ट काहीच नाही, पण रोज सकाळी सेटिंग जुनीच दिसतात. हा मेमरी फॉल्टच ना?

नाही. लॅपटॉपवरून सेटिंग केली आणि रॅममध्येच राहिली. सीमेन्समध्ये बदल झाल्यावर "रॅम टू रॉम" करावं लागतं, म्हणजे पी०९७१ मध्ये १. जी१२० मध्ये मेमरी कार्ड घातलेलं असेल तर ते तपासा. चालू होताना ड्राइव्ह कार्डावरची सेटिंग उचलतो, आणि ते कार्ड कधीकाळी दुसऱ्या मशीनसाठी भरलेलं असतं. ते नसेल तर पीएलसी चालू होताना स्वतःची व्हॅल्यू पाठवतोय का पाहा. कम्युनिकेशनची केबल काढून एक रात्र बंद ठेवा. सकाळी तुमची सेटिंग टिकली तर फोन ड्राइव्हवाल्याला नाही, प्रोग्रामरला करा.